तीन मोजेपावतर

डोमा माझ्याकडे आला तवा सातवी नापास होता.
सायकलवर जागा नव्हती त्याच्यासाठी,
कॅरिअरवर डब्बे रायत : चुना, गेरू, नीळ, काजळी.
तो मागून पळे, लाखांदूर ते पवनी.
रस्त्याकडची भिंत रिकामी दिसली का थांबाचं,
घरमालकाले वर्षाचे वीस रुपये न् एक कॅलेंडर द्याचं
न् कंपनीचं नाव लिहाचं.

मी त्याले एवढंच शिकवलं :
अक्षर गोड काढू नोको.
एसटीच्या खिडकीतलं मानूस तुह्यासाठी थांबत नाही,
त्याच्यापाशी तीन मोजेपावतर येळ रायते.
तेवढ्यात नाव गेलं पायजे डोक्यात.
तो रस्त्याच्या पल्याड, बेशरमाच्या झुडपात उभा राहून
एसटी आली का मोजे.
मंग वरडे, 'उरकुडाकाका, भुकटीतला टी दिसला नाही!'
मी पुन्हा शिडीवर चढून टी जाडा करो.

एका मंडईत नाटकवाल्यायसंगं गेला.
राजवाड्याचे पडदे रंगवता रंगवता लाइटी फिरवाले लागला,
न् वडशाहून एक दिवस जी गाडी धरली…
त्याच्या मायनं दोन वर्षं त्याचं ताट पालथं नाही घातलं.

पंधरा वर्षं मले टीव्हीतच भेटला.
जाहिरातीत त्याचं नाव रायत नाही कुठी,
पन मी ओळखो.
पंख्याची होती एक, एक आंघोळीच्या साबनाची,
एक सिमेंटची : म्हातारा भिंतीवर हात ठेवते
न् काहीच बोलत नाही.
मी म्हनलं, हा डोम्याच.
बायको म्हने, 'तुमाले सगळ्याईतच डोमा दिसते.'

मंग पौषात तो आला. अठरा गाड्या,
जनरेटर, छत्री धरनारी पोरं.
केस गेले होते. पाया पडला.
म्हने, 'जाहिरातीत कमावलं ते सगळं एका शिनेमात घालतो.'
मी काय म्हनू?
बांदीत प्लायवूडची भिंत उभी केली होती,
कारन खऱ्या भिंतीयले आता टाइल्स लागल्या.
'काका, तुमच्या हातची जाहिरात पायजे. जुनी.
तीस पावसाळे खाल्लेली.'

जिंदगीत मी नवंच रंगवलं.
जुनी तं भिंत सोता होते, तिले पेंटर लागत नाही.
मी लिहिलं, लख्ख, गेरूत सरस घालून.
रात्री झोप नाही म्हनून गेलो
तं डोमा एकटाच, मोबाइलच्या उजेडात,
राख न् ताक घेऊन भिंत घासत होता,
म्हशीले धुतेत तशी.
मी बांधावर बसून बिडी पेटवली.
त्यानं काडीचा उजेड पाह्यला.
मान न वळवता म्हने, 'टी राहू देतो, काका.'

तीन हजार भेटले. कागदावर सही घेतली,
माझ्या नावाम्होरं इंग्रजीत काही छापेल होतं.

शिनेमा चालला नाही म्हन्तेत.
वडशात आलाच नाही, टाकीजचं गोदाम झालं.
नातवानं मोबाइलवर लावून देल्ला.
हिरोईन रडली, पोलीस आले, कोनाचं तरी लग्न मोडलं,
मी भिंतीची वाट पाहत रायलो.
आली, न् एका मोटरसायकलीमागून सरकत गेली.
नातू म्हने, 'आबाजी, मांगं घेऊ का?'
म्हनलं, नोको.
मोजलं मी.

प्लायवूड यादोराव नाकाडेनं नेलं,
बकऱ्यायच्या कोठ्यावर टाकलं, अक्षरं आभाळाकडं.
दोन पावसाळ्यात राख धुऊन गेली, गेरू तसाच.
परवा पानटपरीवर भेटला तं इचारते,
'उरकुडाजी, ते भुकटी आता भेटते का कुठी?'